विटेची माती आणि नदीची हद्द

रावेत, पुनावळे किंवा चऱ्होलीच्या नदीकडच्या भागात नव्या इमारतीचा पाया खोदला जातो, तेव्हा खड्ड्याची उभी कड काही दिवस उघडी राहते. मजूर, सुपरवायझर आणि कुंपणाच्या फटीतून डोकावणारे दोघेचौघे सोडले तर ती कोणी पाहत नाही. सगळ्यात वर राडारोड्याचा भराव असतो. कधी त्याखाली काळसर राख, कोळशाची चुरी आणि वितळून वेडेवाकडे झालेले विटांचे गोळे सापडतात. या गोळ्यांना भट्टीवाले खंगर म्हणतात. त्याखाली तपकिरी माती, मग वाळूचा पट्टा, गोलगोल गोटे, मुरूम आणि शेवटी काळा कातळ. राख आणि खंगर दिसले की तिथे कधीतरी वीटभट्टी होती हे कळते. त्याखालची माती मात्र असायला हवी त्यापेक्षा तीनचार फुटांनी कमी भरते. ती माती आसपासच्या भिंतींमध्ये गेलेली असते.

पिंपरी-चिंचवडची ओळख कारखान्यांचे शहर अशी आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ पासून एमआयडीसी आली, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका. १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, रावेत, पुनावळे, वाकड अशी भोवतालची गावे हद्दीत आली. या सगळ्या काळात माणसे येत राहिली आणि त्यांच्यासाठी चाळी, बंगले, सोसायट्या उठत राहिल्या. कारखान्यात बनलेल्या मालाची नोंद ठेवली जाते. घरे ज्या मातीची बनली तिची नोंद कोणाच्या फारशी लक्षात नाही, कारण ती फार लांबून आलेली नव्हती.

वीट लांबून आणणे परवडत नाही. नऊ इंच लांब, चार इंच रुंद आणि तीन इंच जाड अशी साधी वीट सुमारे तीन किलो भरते, म्हणजे हजार विटा तीन टन. त्यामुळे भट्टी शहराच्या कडेलाच लागते आणि शहर वाढले की पुढे सरकते. मागे राहिलेल्या जागेवर प्लॉट पडतात. पिंपरी-चिंचवडच्या काठावरून मुळशी, मावळ, हवेली आणि खेड तालुक्यांतल्या गावांकडे भट्ट्या सरकत गेल्या त्या अशाच.

मातीचा हिशोब ढोबळमानाने सहज करता येतो. बांधकामाच्या बाजारात माती, वाळू, खडी ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सुकताना आणि भाजताना होणारे आकुंचन आणि तूटफूट धरली, तर हजार विटांना जवळपास एक ब्रास माती लागते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेवढी जमीन तीन फूट खोल खरवडली की १,३०० ब्रास माती निघते, म्हणजे १३ लाख विटा. चार इंची भिंतीच्या एका चौरस मीटरला सुमारे पन्नास विटा लागतात. यावरून एका मध्यम सोसायटीत किती शेत उभे आहे, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

या उपशाला खाण म्हणायला मन धजत नाही. खाण म्हटली की सुरुंग, खोल खड्डा आणि क्रशरचा खडखडाट डोळ्यांपुढे येतो. मोशीच्या बाजूला तशा दगडखाणी होत्याच. विटेची माती मात्र वरवरून, शेतासारख्या दिसणाऱ्या जमिनीतून निघते. कायद्याच्या भाषेत ती गौण खनिज आहे, तिच्यावर स्वामित्वधन भरावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बहुतेकदा एका हंगामाचा व्यवहार असायचा. उंचसखल तुकडा सपाट करून मिळायचा आणि वर चार पैसे हाती यायचे. दिवाळीनंतर मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, छत्तीसगडकडून कुटुंबे यायची, उचल घेतलेली असायची आणि पाऊस येईपर्यंत हजारामागे दराने विटा थापायची. पावसाळ्यात तो खड्डा गुपचूप पाण्याने भरायचा. आजही ही पद्धत जिथे भट्ट्या आहेत तिथे फारशी बदललेली नाही.

ही माती आली कुठून, हा प्रश्न विचारला की सुमारे साडेसहा कोटी वर्षे मागे जावे लागते. त्या सुमारास ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पठाराच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या पायथ्याला आहेत. त्यांच्याखालचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हाच इथल्या सगळ्या मातीचा पूर्वज. बेसाल्टमधली खनिजे पाणी आणि हवा यांच्या सततच्या सहवासात कुजतात. त्यातून आधी मुरूम आणि मग चिकणमातीची खनिजे तयार होतात. इथे त्यांत स्मेक्टाइट गटाचा भरणा मोठा आहे.

स्मेक्टाइटचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पानांच्या गठ्ठ्यासारखा असतो. पाणी मिळाले की ते पानापानांमध्ये शिरते आणि गठ्ठा फुगतो. पाणी गेले की तो बसतो. काळ्या रानात एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैमध्ये त्या मिटून जातात, ते यामुळे. अशा जमिनीवर उथळ पायाचे घर बांधले तर दरवर्षी त्याला खालून उचलणे आणि सोडणे चालू राहते, आणि भिंतींना तिरप्या चिरा पडतात. जुने गवंडी काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदत असत, ते याच अनुभवातून.

फुगणारी आणि आकसणारी माती विटेलाही चालत नाही. निव्वळ काळ्या मातीची कच्ची वीट उन्हात सुकतानाच तडकते. म्हणून भट्टीवाले तिच्यात राख, भाताचे तूस, उसाच्या चिपाडाची राख किंवा बारीक वाळू मिसळतात. त्यांना खरी हवी असते ती पोयट्याची माती. हाताला मऊ, चिकट पण फार चिकट नाही, आणि चिमटीत घासली तर किंचित खरखर लागणारी. तिच्यात चिकणमाती, गाळाचे मधल्या आकाराचे कण आणि बारीक वाळू यांचे मिश्रण निसर्गानेच करून ठेवलेले असते. साच्यात ती नीट बसते आणि साचा काढल्यावर उभी राहते.

भट्टीत पुढे जे होते ते परत फिरवता येत नाही. पाचशे ते सातशे अंश सेल्सियसच्या दरम्यान स्मेक्टाइटच्या रचनेतले पाणी कायमचे निघून जाते. त्यानंतर ती माती पाण्यात घातली तरी पुन्हा चिखल होत नाही. नऊशेच्या पुढे कणांच्या कडा वितळून एकमेकांना चिकटू लागतात. बेसाल्टमध्ये लोह भरपूर, त्यामुळे वीट लाल-नारिंगी होते. पण तेच लोह आणि त्याच्या जोडीचे कॅल्शियम मातीला लवकर वितळवतातही. ताप थोडा कमी पडला तर पिवळट, पावसात विरघळणारी वीट निघते आणि थोडा जास्त झाला तर खंगर. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो की नाही, एवढीच ज्याची प्रयोगशाळा, त्या भट्टीवाल्याचे कसब या मधल्या अरुंद पट्ट्यात टिकून राहण्यात असते.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा दगड. तो सुपारीएवढा, कधी आवळ्याएवढा, पांढुरका आणि ओबडधोबड असतो. नदीकाठच्या जुन्या मातीत चुन्याच्या या गाठी जागोजागी दिसतात. त्यांना कंकर म्हणतात आणि पूर्वी त्या भाजूनच बांधकामाचा चुना करत. पावसाचे पाणी मातीतले कॅल्शियम विरघळवून खाली नेते, कोरड्या दिवसांत ते पाणी उडून जाते आणि चुना मागे राहतो. असे हजारो पावसाळे झाले की गाठी बनतात. म्हणजे कंकर हे मातीच्या वयाचे लक्षण आहे. ज्या मातीत कंकर भरपूर, ती म्हातारी. ज्या मातीत तो नाही, ती बहुधा अलीकडची.

वीटभट्टीला कंकर अजिबात नको असतो. भट्टीच्या आचेत त्याचा कळीचा चुना होतो. वीट थंड झाल्यावर हवेतली ओल किंवा पाऊस लागला की तो चुना विरी जातो, फुगतो आणि वीट आतून फोडतो. दाणे बारीक असतील तर विटेवर पांढरे खळगे पडतात, मोठे असतील तर वीटच फुटते. म्हणून मातीची जागा पाहायला आलेला जाणकार पहिल्यांदा कंकर पाहत असे. साहजिकच त्याची पसंती कंकर नसलेल्या मातीला असे. विटा थापायला पाणीही जवळ लागायचे. या दोन अटी एकत्र धरल्या की शोध बऱ्याचदा एकाच ठिकाणी येऊन थांबतो: नदीच्या लगतचा, सखल, ताज्या पोयट्याचा पट्टा.

ताजा पोयटा म्हणजे काय, हे समजायला काचेची एक बरणी पुरते. नदीकाठची मूठभर माती बरणीत पाणी घालून जोरात हलवावी आणि ओट्यावर ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात तळाला जाते. गाळाचे कण त्यानंतर काही तासांत बसतात. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसते. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा लहान असतो. स्थिर पाण्यात असा सुटा कण तासाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली उतरतो. एक मीटर उतरायला त्याला तीन दिवस लागतात. नदीत कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि थोडे लवकर बसतात, पण मूळ अट तीच राहते. पाणी थांबले पाहिजे.

वाहत्या नदीच्या मध्यभागी ते थांबत नाही, तिथे गोटे आणि वाळू राहते. ते थांबते काठ ओलांडून पसरल्यावर, शेतांत, खोलगट जागांत. पूर ओसरताना तिथे गाळाचा पातळ थर सोडून जातो. पुढच्या पुराला त्यावर आणखी एक. नदीकाठी जिथे जाड, कंकर नसलेला पोयटा आहे, तिथे नदी पुन्हापुन्हा येऊन थांबलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकात याला पूरमैदान म्हणतात, गावाकडे मळई. डोंगरउतारावर किंवा माळावर दगड जागीच कुजून झालेली काळी मातीही असतेच, तिचा पुराशी संबंध नसतो. पण तिचा थर सहसा पातळ, आणि खाली लगेच मुरूम लागतो.

नदीकाठची सगळी माती सारखी नाही हेही खरे. मुळा, पवना, इंद्रायणी, भामा, भीमा या नद्यांच्या काठांवर काही ठिकाणी आजच्या पात्रापासून दहा मीटर किंवा त्याहूनही उंच मातीच्या दरडी आहेत. आजचा पूर तिथवर पोचत नाही. मग ती माती तिथे कोणी नेली? डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी दख्खनच्या या उंच प्रदेशातल्या नद्यांच्या गाळाचा अभ्यास १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. गाळाचे हे थर मान्सूनच्या चढउतारांचा इतिहास सांगतात, हे त्यातून पुढे आले. शेवटच्या हिमयुगाच्या कडक काळात मान्सून दुबळा होता. नद्यांत वाहून नेण्याची ताकद कमी आणि झाडोरा विरळ झालेल्या उतारांवरून येणारी माती जास्त, त्यामुळे पात्रे गाळाने भरत गेली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मान्सून बळावला तसे नद्यांनी आपलाच गाळ कोरून पात्र खोल केले. उंच दरडी हे त्या जुन्या भरावाचे अवशेष आहेत. कंकर त्यांच्यात आहे. त्यांच्या पायाशी, आजच्या पाण्याच्या बाजूला जी नवी सखल माती साचली आहे, तिच्यात तो क्वचितच दिसतो.

या गाळात काय काय जपून राहते, याचे उदाहरण चाकणच्या उत्तरेला जुन्नर तालुक्यात आहे. कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक इथे मातीच्या थरांमध्ये पांढरट राखेचा एक थर १९८०च्या दशकात संशोधकांच्या नजरेत आला. ती ज्वालामुखीची राख आहे, पण दख्खनच्या ज्वालामुखींची नाही. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाले होते. राखेच्या रासायनिक घडणीचा माग इंडोनेशियातल्या तोबा या ज्वालामुखीकडे जातो, इथून तीन हजार किलोमीटरहून जास्त दूर. राख नेमकी कुठल्या उद्रेकाची, यावर मात्र जोरदार वाद झाले. कोणी तिचे वय १४ लाख वर्षे काढले, कोणी पावणेसात लाख, कोणी ७५ हजार. वाद महत्त्वाचा अशासाठी की या राखेच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. राखेचे वय ठरले की माणूस इथे कधी होता ते ठरते. कऱ्हेकाठी मोरगावलाही अशी राख आहे. पवना आणि इंद्रायणीच्या काठांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून जी माती गेली, तिच्यात असे काही होते का, हे आता कोणालाही तपासता येणार नाही.

मातीच्या वरच्या फूटभर थराचे मोल आणखी वेगळ्या कारणाने आहे. त्यात सूक्ष्मजीवांची प्रचंड वस्ती असते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले. त्या जिवाणूचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिंपरीचे नाव जिवाणूशास्त्रात गेले ते मातीमुळे. असा थर पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. भट्टीसाठी सगळ्यात आधी निघतो तो हाच.

मातीच्या विटेचे राज्य आता उतरणीला लागले आहे. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून औष्णिक वीज केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरात विटांमध्ये किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. हे अंतर पुढे १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. नाशिकजवळचे एकलहरे वीज केंद्र चाकणपासून त्या टप्प्यात येते. इमारती उंच झाल्या, भिंतींवर आता छताचा भार राहिला नाही, आणि बांधकामांवर हलके राखमिश्रित ब्लॉक आले. कोणत्याही कंपनीचे असोत, गवंडी त्यांना ‘सिपोरेक्स’च म्हणतो. सुपीक मातीच्या दृष्टीने हा बदल चांगलाच आहे. उपसा थांबला म्हणून जुने खड्डे मात्र कुठे गेले नाहीत.

खरा धोका त्या खड्ड्यांतच आहे. तीनचार फूट उतरवलेली सखल जागा ही पुराच्या पाण्याला पसरायला मिळालेली जास्तीची जागा होती. ती राडारोड्याने भरून आधीच्यापेक्षा वर आणली की तेवढे पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाला जाते. वर भराव, खाली उरलेली फुगणारी माती आणि शेजारी नदी, अशा जागेवर पाया घालताना खर्च वाचवायला वाव नसतो. जागा विकताना मात्र ती फक्त ‘रिव्हर व्ह्यू’ असते.

नदीची हद्द कागदावर जलसंपदा विभाग ठरवतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला होता. आयुष्याची पुंजी घातलेली माणसे समोर उभी असताना जेसीबी चालले. तिथे आधी भट्टी होती की शेत, याचा त्या निकालाशी संबंध नव्हता, रेषा नकाशावरची होती. पण नकाशा मागायचे ज्याला सुचले नाही किंवा ज्याला तो दाखवला गेला नाही, त्याच्यासाठी पायाच्या खड्ड्याची कडही पुष्कळ बोलते. भरावाखाली मऊ, कंकर नसलेला तपकिरी पोयटा चारपाच फूट सलग लागला आणि नदी हाकेच्या अंतरावर असेल, तर सही करण्याआधी पूररेषेचा नकाशा मागावा. माती पुराचा पुरावा देते, पण पुढचा पूर किती उंच येईल ते सांगत नाही. त्यासाठी मोजणी आणि नकाशाच लागतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२४च्या जुलैमध्ये पवना आणि मुळेला पूर आला, तेव्हा सांगवीच्या बाजूच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. अशा पुरानंतर पाणी ओसरले की पहिले काम असते ते गाळ काढण्याचे. पार्किंगच्या फरशीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, गाड्यांच्या सीटवर एक गुळगुळीत तपकिरी थर बसलेला असतो. वाळू त्यात जवळजवळ नसते. दोन दिवस उन्हात राहिला तर त्याला तळहाताएवढ्या खपल्यांच्या भेगा पडतात आणि मग तो खरवडून काढावा लागतो. लोक पाण्याच्या जोराने तो गटारात ढकलतात. चिमटीत घेऊन घासला तर मऊ लागतो, थोडा चिकट, किंचित खरखरीत. जुन्या भट्टीवाल्याने हात लावल्याबरोबर सांगितले असते, विटेला चांगली आहे.